खराडे मॅडमचा शनिवारचा वर्ग

मला लिहायची सवय नाही. नोकरीत असताना प्रश्नपत्रिका काढल्या आणि दोन-तीन सहकारी गेले तेव्हा चार शब्द लिहिले, तेही कुणीतरी मागं लागलं म्हणून. पण गेल्या महिन्यात एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत मजकूर आला की आमच्या भागात प्राध्यापकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाची सुरुवात नव्वदच्या दशकाच्या शेवटी सांगलीत झाली. सोबत फोटो होता. प्राचार्य फीत कापतायत, शेजारी विद्यापीठाच्या समितीचे अध्यक्ष, मागं नव्या कॉम्प्युटरांच्या रांगा. मी मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. संयोगिता खराडे हे नाव त्यात कुठंही नव्हतं.

दिवसभर मी घरात धुसफुसत राहिलो. शेवटी बायको म्हणाली, "माझ्यावर चिडून काय होणार? मी छापलंय का ते? लिहा की तुम्ही."

लिहितो. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण त्या फोटोतला समारंभ ही सुरुवात नव्हती. तो सुरुवातीचा शेवट होता, आणि तो शेवट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

संयोगिता खराडे सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. गाव कडेगावच्या बाजूचं. घरची शेती उसाची, ती चुलते बघायचे. वडील लालासाहेब फौजेत सिग्नल्समध्ये, म्हणजे वायरलेस सेटवर होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि मुलीजवळ सांगलीत येऊन राहिले. बाई उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. लग्न केलं नाही. त्याबद्दल स्टाफरूममध्ये लोक जे बोलायचं ते बोलत, त्यांच्या कानावरही जायचं. त्या म्हणायच्या, "बोलू दे. तेवढाच वेळ विद्यार्थ्यांना त्रास कमी."

मी वाईच्या कॉलेजात भूगोल शिकवायचो. आमची ओळख झाली उन्हाळ्यात पेपर तपासायच्या केंद्रावर. सगळ्या कॉलेजांचे प्राध्यापक एका मोठ्या हॉलमध्ये बसून पेपर तपासत. पंखे गरगर फिरत, पेपर उडत, आणि दुपारी चहा आला की गप्पा सुरू होत. त्या वर्षी गप्पांचा विषय एकच होता. पगाराची वरिष्ठ श्रेणी हवी असेल तर उजळणी वर्ग केलाच पाहिजे, असा नियम होता. उजळणी वर्ग म्हणजे विद्यापीठात जाऊन तीन-चार आठवडे राहायचं, रोज भाषणं ऐकायची, हजेरीपटावर सकाळ-संध्याकाळ सही करायची आणि प्रमाणपत्र घेऊन परत यायचं.

आमच्या टेबलावर पाटणच्या विनोदिनी दातार होत्या. अर्थशास्त्र शिकवायच्या. घरात सासूबाई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या, उठवणं-बसवणं सगळं यांच्याच हातात. त्यांनी नुसतं एवढंच म्हटलं, "मला चार आठवडे घराबाहेर राहता येणार नाही. माझं काय व्हायचं?"

समोरचे एक गृहस्थ चहाचा घोट घेत म्हणाले, "मग श्रेणी हवी कशाला, ताई? घर तरी सांभाळा नाहीतर नोकरी तरी."

आणखी दोघे-तिघे हसले. दातार मॅडमनी मान खाली घालून पेपरांचा गठ्ठा पुढं ओढला. आमच्या मागच्या टेबलावर खराडे मॅडम होत्या. त्या खुर्ची सरकवून उठल्या आणि त्या गृहस्थांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुम्ही गेल्या वर्षी उजळणी वर्ग केलात ना?"

"केला."

"काय शिकवलं तिथं?"

गृहस्थांनी जरा आठवून पाहिलं. म्हणाले, "जेवण चांगलं होतं."

यावर सगळा हॉल हसला, पण खराडे मॅडम हसल्या नाहीत. त्या दातार मॅडमकडं वळून म्हणाल्या, "माणूस वर्गाकडं जाऊ शकत नाही, तर वर्ग माणसाकडं न्यायला काय होतं? तुमच्याकडं फोन आहे का?"

फोन होता. दातार मॅडमच्या यजमानांचं पाटणला घराच्या पुढच्या खोलीतच एसटीडी बूथ होतं, आणि शेजारी एक कॉम्प्युटर ठेवून ते लग्नपत्रिका छापायचे. आज हे ऐकून कुणाला नवल वाटणार नाही. पण तेव्हा आमच्या भागात इंटरनेट नुकतंच आलं होतं. कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडायचा, मोडेम बराच वेळ किंचाळायचा, आणि लागलं तर लागलं. मग एकानं टाइप केलेली ओळ सगळ्यांच्या पडद्यावर दिसायची.

खराडे मॅडमनी वर्ग काढायचं ठरवलं. त्यांचे प्राचार्य नानासो जगदाळे हे वाईट गृहस्थ नव्हते, हे मी आधीच सांगतो. नवीन काही म्हटलं की ते खूश व्हायचे. फक्त त्या नवीनाला शाल, श्रीफळ आणि प्रमुख पाहुणे असले पाहिजेत. त्यांनी परवानगी दिली. विद्यापीठाला लिहिलं. विद्यापीठ म्हणालं, आधी चालवून दाखवा, मग समिती येऊन बघेल आणि मान्यतेचं ठरवेल. मान्यता मिळाली तर हा वर्ग उजळणी वर्ग म्हणून धरला जाईल. दातार मॅडमच्या श्रेणीचं सगळं त्या मान्यतेवर आलं.

कॉलेजात फोन एकच. तो ऑफिसात, त्याच्या तबकडीला छोटं कुलूप, आणि किल्ली प्राचार्यांच्या खिशात. त्याचीच एक जोडणी प्राचार्यांच्या टेबलावर. शनिवारी दुपारी ती तार खराडे मॅडमना मिळाली. त्यांनी ती व्हरांड्यातून ओढून प्रयोगशाळेत आणली. प्राचार्यांच्या रिसीव्हरवर त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली, की वर्ग चालू असताना उचलू नये. कारण रिसीव्हर उचलला की आमचा अख्खा वर्ग तुटायचा. पहिल्या शनिवारी तो तीनदा तुटला. मॅडम धावत केबिनमध्ये गेल्या तर प्राचार्य रिसीव्हर कानाला लावून बसलेले.

"सर, का उचलता?"

"अहो, वर्ग नीट चालू आहे ना, ते ऐकत होतो."

आम्ही वाईतून दोघं होतो. मी आणि मराठी शिकवणारे देवदत्त शेंडे. वाईत घाटाजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथं आम्ही जाऊन बसायचो. मेढ्याहून, कऱ्हाडहून, आटपाडीहून असेच काही जण. शेंड्यांना पहिला धक्का बसला तो देवनागरी नाही याचा. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचं. ते माझ्यावरच खेकसले, "आयुष्यभर पोरांचं शुद्धलेखन तपासलं, आणि आता म्हातारपणी हे! पोरांनी बघितलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"मग चला घरी," मी म्हटलं.

"घरी काय करू? नळाला पाणी नाही."

पहिल्या दिवशी सगळेच एकदम टाइप करायला लागले. कऱ्हाडचे सर कुणाला तरी उत्तर देतायत, तोवर त्या प्रश्नाच्या खाली दहा ओळी येऊन पडलेल्या. आटपाडीच्या बाई विचारतायत, मी दिसते का. कोण कुणाशी बोलतंय तेच कळेना. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत फटाके फुटतात तसं चाललेलं. शेवटी कुणीतरी लिहिलं, "चहा पिऊन येतो," आणि निम्मे निघून गेले.

खराडे मॅडम वैतागून घरी गेल्या, तेव्हा लालासाहेबांनी विचारलं काय झालं. हे मला लालासाहेबांनीच पुढं सांगितलं. मुलीचं सगळं ऐकून ते म्हणाले, "आगं, समदी एकदम बोलल्यावर कुनाचं काय कळंल? आमी सेटवर आसं केलं आसतं तर सायबानं उलटं टांगलं आसतं. तू कंट्रोल. कंट्रोलनं हाक मारल्याबिगर कुनी तोंड उघडायचं न्हाई. आन् बोलून झालं की 'ओव्हर' म्हनायचं. त्येच्याबिगर दुसऱ्यानं मधी शिरायचं न्हाई."

"अण्णा, ते प्राध्यापक आहेत. जवान नव्हेत."

"व्हय, म्हनून तर. जवान एकदा सांगितल्यावर ऐकत्यात."

पुढच्या शनिवारपासून आमचा वर्ग फौजेच्या वायरलेससारखा चालायला लागला. आमची नावं गेली. मी आणि शेंडे मिळून 'वाई'. दातार मॅडम 'पाटण'. मॅडम 'सांगली'. सांगलीनं हाक मारली की ज्याचं नाव तो बोलणार, शेवटी ओव्हर लिहिणार. शेंड्यांनी पहिल्याच दिवशी लिहिलं, "वाई हजर आहे. वाईच्या नळाला पाणी नाही. ओव्हर." सांगलीहून उत्तर आलं, "वाई, नळाचं नगरपालिकेला कळवा. विषयावर या. ओव्हर." तेव्हापासून शेंडे त्यांना मानायला लागले.

या वर्गात काय होतं तेही सांगतो, कारण पुरवणीत 'अत्याधुनिक तंत्रज्ञान' एवढंच छापलंय. मॅडम भाषण देत नसत. प्रत्येकानं आपल्या विषयातला पोरांना सगळ्यांत जड जाणारा भाग घ्यायचा आणि थोडक्या ओळींत शिकवायचा. बाकीच्यांनी मागच्या बाकावरचा पोरगा होऊन प्रश्न विचारायचे. मागच्या बाकावरचा, हे मॅडम पुन्हा पुन्हा सांगायच्या. पुढच्या बाकावरच्याला तुम्ही नसलात तरी कळतं.

दातार मॅडमनी एकदा अर्थशास्त्रातला वैकल्पिक खर्च घेतला. कॉलेजात असताना मी ती व्याख्या पाठ केली होती, अर्थ कळला नव्हता. त्यांनी लिहिलं, आमच्या कोयनेचं पाणी डोंगरापलीकडं सोडलं तर वीज होते, पण ते समुद्राला मिळतं. तेच पाणी नदीनं खाली पूर्वेला जाऊ दिलं तर शेतं भिजतात, पण तेवढी वीज होत नाही. पाणी एकच आहे. विजेसाठी वापरलं तेव्हा जी शेतं भिजली नाहीत, ती त्या विजेची खरी किंमत. ओव्हर.

शेंडे खुर्चीत मागं रेलले. म्हणाले, "अहो, हे मला आत्ता कळतंय! आमच्या वेळी ही बाई असती तर मी मराठी कशाला घेतलं असतं?"

मग त्यांनी मागच्या बाकावरचा प्रश्न विचारला, "पण मॅडम, ती न भिजलेली शेतं कुणाची? त्याला विचारलं होतं का? ओव्हर."

पाटणहून उत्तर आलं, "नाही विचारलं. माझ्या वर्गात ती पोरं बसतात. ओव्हर."

मी पुष्कळ वर्षं शिकवलं. सहकाऱ्यांशी शिकवण्याबद्दल इतकं खरं बोलणं माझं त्याआधी कधी झालं नव्हतं. ज्या स्टाफरूममध्ये आम्ही रोज शेजारी बसायचो तिथंही नाही. मग कागदावर त्याला काय नाव द्यायचं ते विद्यापीठानं बघावं.

समितीची तारीख आली. शनिवारच होता. खराडे मॅडमनी सांगितलं होतं की नेहमीप्रमाणं आपापल्या जागी बसा, समिती सांगलीत माझ्या शेजारी बसून बघेल. पण प्राचार्य जगदाळ्यांना झोप लागेना. समिती येणार आणि तिला दाखवायचं काय? एक खोली, एक बाई आणि एक कॉम्प्युटर?

मॅडम आणि त्यांच्यातलं बोलणं मॅडमनी मला नंतर शब्द न् शब्द सांगितलं.

"मॅडम, प्रशिक्षणार्थी सगळे सांगलीत हजर पाहिजेत."

"सर, ते इथं आले तर तिकडं कोण बसणार?"

"ते तुम्ही बघा काहीतरी. पण समितीला माणसं दिसली पाहिजेत. रिकाम्या खोलीला कुणी मान्यता देतं का?"

"खोली रिकामीच असते, सर. तेच तर दाखवायचंय."

प्राचार्य हसले. त्यांना वाटलं ह्या चेष्टा करतायत. त्यांनी मॅडमना न सांगता प्रत्येक कॉलेजच्या प्राचार्यांना थेट फोन लावला आणि आपापली माणसं पाठवा म्हणून विनंती केली. आमच्या प्राचार्यांनी आम्हा दोघांना ड्युटीवर धरून सांगलीला जायला सांगितलं. माझ्या मनात आलं होतं की मॅडमना एकदा विचारावं. पण कॉलेजचा फोन उचलणार प्राचार्यच, मग मॅडमना बोलवायचं कसं? आणि शेंडे म्हणाले, "अहो, मॅडमच्या पाठीशी चार माणसं उभी दिसायला नकोत का?" हे पटण्यासारखं होतं. सगळ्यांनाच पटलं. मेढा, कऱ्हाड, आटपाडी, सगळे इस्त्रीचे कपडे घालून सांगलीच्या स्टँडवर उतरले.

कॉलेजच्या दारात रांगोळी, हॉलमध्ये खुर्च्या, टेबलावर निळं कापड, गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुली. खराडे मॅडम जिन्यावरून खाली येत होत्या. आम्हाला बघून त्या मधल्याच पायरीवर थांबल्या.

"तुम्ही सगळे आलात?"

"आलो की!" शेंडे छाती पुढं काढून म्हणाले.

"अहो, सगळे कसे काय आलात?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली. "दातार मॅडम?"

"त्यांना कसं जमणार?" आटपाडीच्या बाई म्हणाल्या. "सासूबाई आहेत ना."

मॅडम परत वर गेल्या.

समितीत तिघे जण होते. दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं, प्राचार्यांनी माहिती युगावर भाषण केलं. ते लांबलं. समितीतले एक सदस्य डोळे मिटून बसले होते, ते टाळ्या झाल्या तेव्हा उघडले. मग हजेरीपट फिरला आणि आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. समारंभाला आलो म्हणून सही करायची, एवढंच आम्हाला वाटलं. त्यानंतर अध्यक्ष म्हणाले, आता प्रत्यक्ष वर्ग बघू.

प्रयोगशाळेत आम्ही सगळे त्यांच्या मागं दाटीवाटीनं उभे राहिलो. मोडेम किंचाळला, लागला. पडदा कोरा. अध्यक्ष चष्मा पुसून वाकले.

"कुणी बोलत का नाही?"

शेंडे मागून म्हणाले, "साहेब, आम्ही इथं आहोत."

"मग तिकडं कोण आहे?"

वाईचा वर्ग वाईत नव्हता, मेढ्याचा मेढ्यात नव्हता. सगळा वर्ग अध्यक्षांच्या पाठीला चिकटून उभा होता. समितीतले एक सदस्य दुसऱ्याच्या कानात पुटपुटले, "म्हणजे नुसताच देखावा दिसतोय." ते इतकं हळू नव्हतं की ऐकू येऊ नये.

तेवढ्यात पडद्यावर एक ओळ आली. "सांगली, पाटण हजर आहे. आज सगळे गप्प का? ओव्हर."

खराडे मॅडमनी झटकन उत्तर लिहिलं आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "सर, पाटणच्या दातार मॅडम. तुम्ही त्यांना काहीही विचारा."

अध्यक्ष अर्थशास्त्राचे नव्हते, पण त्यांनी विचारलं, आणि बरंच विचारलं. दातार मॅडमनी एकेक उत्तर लिहिलं, नेटकं, जिथल्या तिथं. अध्यक्षांची मान हलायला लागली. मला वाटलं, जमलं. माझ्या शेजारी शेंड्यांनी माझा दंड आवळला होता.

मग पडद्यावर आलं, "जरा थांबते. आईंना कुशीवर वळवायचं आहे. लगेच येते. ओव्हर."

अध्यक्ष सरळ झाले. "म्हणजे? मधूनच उठून गेल्या?"

"येतील, सर. त्यांच्या सासूबाई..."

"ते ठीक आहे हो. पण वर्गातून असं मध्येच उठता येतं का?"

जे सदस्य भाषणात झोपले होते, तेच आता म्हणाले, "आणि ही बाई तीच आहे कशावरून? उद्या तिच्या जागी दुसरंच कुणी बसलं तर? सही कुठाय?"

खराडे मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं. "सर, मघाशी खाली सह्या झाल्या. त्यातलं कोण जागं होतं ते सहीवरून कळतं का?"

प्राचार्य घाईघाईनं म्हणाले, "चला, चला, जेवण तयार आहे." समिती जेवायला गेली. दातार मॅडम परत येऊन "पाटण हजर आहे" म्हणून लिहीत होत्या, तेव्हा पडद्यासमोर खराडे मॅडम आणि आम्ही दोघं-तिघं, एवढेच उरलो होतो.

काही दिवसांनी निर्णय आला. प्राचार्यांनी पेढे वाटले. मान्यता मिळाली होती! अट एवढीच, की यापुढं सर्व प्रशिक्षणार्थींनी सांगलीत एका हॉलमध्ये प्रत्यक्ष हजर राहायचं, हजेरीपटावर दोन्ही वेळा सही करायची, आणि तिथल्या कॉम्प्युटरवर बसून ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचं. आधीचे शनिवारही धरले जाणार होते, पण ज्यांची पाहणीच्या दिवशी हजेरीपटावर सही होती त्यांचेच. म्हणजे त्या दिवशी जे वर्ग सोडून सांगलीला आले, रांगोळी ओलांडून खुर्चीवर बसले आणि पुरी-भाजी खाऊन गेले, ते सगळे हजर. जी एकटी बाई ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसून उत्तरं देत होती, ती गैरहजर.

खराडे मॅडम प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या. मी त्या दिवशी सांगलीत होतो, बाहेर बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं.

"सर, मी हा वर्ग चालवणार नाही."

"अहो, मान्यता मिळाली ना! आता कशाला नाही म्हणता? नवे कॉम्प्युटर येणार, उद्घाटन होणार. सगळीकडं तुमचं नाव होईल."

"एका हॉलमध्ये बसून शेजारच्या टेबलावरच्याला मेल पाठवायला प्रशिक्षण कशाला पाहिजे? हाक मारली तरी ऐकू येईल."

"एका बाईसाठी तुम्ही एवढं ताणताय, मॅडम."

"एका बाईसाठीच काढला होता, सर."

प्राचार्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, आणि खरंच समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात तरी वर्ग होणारच. दुसरं कुणीतरी चालवेल."

तसंच झालं. दुसऱ्या कुणाला तरी नेमलं. फीत कापली, फोटो निघाला, तोच हा पुरवणीतला. शेंडे एकदा मुद्दाम बघून आले. सांगत होते, "पाटणच्या बाजूचा एक जण दोन एसट्या बदलून सांगलीला येतो, आणि मागच्या रांगेतल्या माणसाला लिहितो, आपण कसे आहात."

शेंड्यांनी आणि मी आमचं प्रमाणपत्र घेतलं नाही. यात काही मोठेपणा नाही. आमची नोकरी संपतच आली होती, आमचं काही अडणार नव्हतं. बाकीच्यांनी घेतलं, आणि त्यांच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण ज्या समितीनं त्या अटी लिहिल्या तिला ठेवतो.

कॉलेजची तार बंद झाल्यावर खराडे मॅडमनी घरी फोन घेतला आणि त्यावरून शनिवारचा वर्ग चालू ठेवला. मान्यता नाही, प्रमाणपत्र नाही. आम्ही पाच-सहाजण उरलो होतो. दातार मॅडमना सगळं कळलं होतं. घरच्या वर्गाच्या पहिल्याच शनिवारी त्यांनी लिहिलं, "माझ्यासाठी तुम्ही मान्यता सोडलीत. मला फार वाईट वाटतंय. असं करू नका."

लालासाहेब शेजारी खुर्ची टाकून बसलेले. मुलीनं वाचून दाखवलं तसं ते म्हणाले, "तिला म्हनावं, रडगानं सेटवर चालत न्हाई. धडा काढ."

खराडे मॅडमनी तसंच्या तसं लिहिलं. पलीकडून हसण्याची खूण आली आणि दातार मॅडमनी त्या दिवशी महागाई शिकवली.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही दातार मॅडमना श्रेणी मिळाली नाही. त्यांच्या मागून नोकरीला लागलेली माणसं पुढं गेली. सासूबाई वारल्यावर, दिवस-कार्य उरकून, त्या विद्यापीठात राहून उजळणी वर्ग करून आल्या. तिथं तोवर कॉम्प्युटरचा तास सुरू झाला होता. शिकवणाऱ्यानं सगळ्यांना विचारलं, याआधी कुणी ऑनलाइन प्रशिक्षण घेतलंय का? दातार मॅडमनी हात वर केला.

"कुठं?"

"सांगलीच्या वर्गात."

त्यानं कागद चाळून पाहिले. "तुमची नोंद नाही हो."

"नसणार," दातार मॅडम म्हणाल्या. "मी गैरहजर होते."

ही गोष्ट त्यांनी आम्हाला खराडे मॅडमच्या घरी हसत हसत सांगितली. शेंडेही हसले. खराडे मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्या म्हणाल्या, "विनोदिनीताई, हे हसण्यावारी नेऊ नका," आणि उठून आत चहा टाकायला गेल्या.